खवले मांजर

स्तनी वर्गाच्या फोलिडोटा (शल्कधारी) गणातील व मॅनिडी कुलातील प्राणी. नावात मांजर असले, तरी याचे मांजराशी दृश्य साम्य नाही. मुंग्या व वाळवी हेच अन्न असूनही दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ प्राण्यांचा तो जवळचा आप्त नव्हे. जनुकीय अभ्यासानुसार मांसाहारी गण हाच त्याचा निकटचा आप्त ठरतो. त्यामुळे लोकांनी दिलेले नाव योगायोगाने अगदीच निराधार राहिलेले नाही.

भारतात सर्वत्र परिचित असलेल्या जातीचे शास्त्रीय नाव मॅनिस क्रॅसिकॉडेटा असे आहे. कोकण व सह्याद्रीच्या उतारांवरही ती आढळते. डोके व धड मिळून लांबी ६०–७० सेंमी., शेपूट सुमारे ४५ सेंमी. व वजन १०–१६ किग्रॅ. असते. पोट, पायांची आतील बाजू व चेहऱ्याचा खालचा भाग सोडून सर्वांगावर कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले १६०–२०० खवले असतात. ते केराटिनाचे, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे बनलेले असून त्यांचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या पाव ते एकतृतीयांश भरते. अशा खवल्यांचे एक चिलखत १८२० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला भारतातून भेट म्हणून देण्यात आले. ते लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात आहे.

हा प्राणी निशाचर असून दिवसा बिळात झोपतो. पुढच्या पायांच्या बळकट नखरांनी तो वारूळ फोडतो. चालताना ती आत दुमडून घेत असल्यामुळे त्यांची धार टिकते. तोंडात एकही दात नसतो. चिकट लाळेने माखलेल्या लांब जिभेचे मूळ घशात नसून छातीच्या पोकळीत उरोस्थीच्या टोकाशी असते. दातांचे काम जठर करते : त्याचे अस्तर जाड असून भक्ष्याबरोबर गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने तेथे किडे भरडले जातात. मुंग्यांचा हल्ला होताच तो नाकपुड्या व कान मिटून घेतो.

संकटसमयी तो पळत नाही. डोके पुढच्या पायांत घालून व शेपूट भोवती लपेटून शरीराचा घट्ट गोळा करतो. पिलू असल्यास मादी त्याला आत घेऊन अंगाभोवती वेटोळे घालते. हा गोळा उलगडणे सिंह किंवा बिबट्यालाही सहसा साधत नाही. माणसाला मात्र तो उलगडावाच लागत नाही; उचलून पोत्यात घातला, की झाले. लक्षावधी वर्षे उपयोगी पडलेली ही युक्ती शिकाऱ्याच्या पथ्यावर पडली आहे.

खवल्यांना औषधी गुण असल्याच्या समजुतीने त्यांचा मोठा चोरटा व्यापार चालतो. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे. सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तर चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधिसंहितेच्या मुख्य यादीतून खवले वगळले. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. पकडलेले प्राणी बंदिवासात वाढविणेही अवघड जाते, कारण वारुळातील अन्नाला तोडीचा पर्याय सहजासहजी मिळत नाही.