लग्नाच्या वरातीसाठी व्हिंटेज गाडी ठरवताय?

मला जुन्या गाड्यांचं मनापासून वेड आहे, म्हणूनच हे सांगतोय. फुलांनी सजवलेली जुनी गाडी दिसते राजेशाही, पण आगाऊ रक्कम देण्याआधी तिची नंबरप्लेट बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील, तर ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी.

नंबरात 'व्हीए' दिसलं तर भाड्याचा विषयच संपला. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ही नोंदणी मिळते. या गाड्या रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरत्याच रस्त्यावर आणता येतात. व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे. नियम योग्यच आहे, असं माझं मत.

परमिटशिवाय भाडं मारल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ नुसार पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. अपघात झाला तर भरपाईवरून वाद ठरलेलाच.

म्हणून बुकिंग करताना परमिट, फिटनेस आणि विमा, तिन्ही कागद मागून घ्या.