दोन्ही हात दांड्यावर

पहाटे साडेपाचला पडदा बाजूला केला की मी आधी रस्त्यावरच्या दिव्याकडे बघते. दिव्याखाली बर्फ सरळ पडतोय की तिरपा, बारीक रव्यासारखा आहे की ओल्या कापसाच्या पुंजक्यांसारखा, यावर माझा पुढचा तास कसा जाणार ते ठरतं. रवा असेल तर काम हलकं. पुंजके मोठे असतील आणि पागोळ्या गळत असतील, तर आज मशीन चोंदणार हे धरूनच पायात बूट चढवायचे.

आम्ही बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क भागात राहतो. पश्चिमेला ईरी सरोवर आहे, नैऋत्य-ईशान्य असं लांबलचक पसरलेलं. नोव्हेंबरात त्याचं पाणी अजून उबदार असतं आणि वरून कॅनडाची गार हवा येते. वारा सरोवराच्या लांबीवरून वाहायला लागला की ती हवा वाटेत वाफ पीत येते आणि काठ ओलांडला की सगळी आमच्या डोक्यावर रिकामी करते. ढगांचा पट्टा अरुंद असतो. आमच्या दारात कमरेइतका बर्फ आणि वीस मिनिटांवरच्या उत्तरेकडच्या वस्तीत नुसती पांढरी धूळ, असं मी पाहिलेलं आहे. 2014च्या नोव्हेंबरात या दक्षिणेकडच्या गावांत काही ठिकाणी पाच फुटांवर बर्फ पडला, 2022च्या नोव्हेंबरात सहा फुटांच्याही वर. पुढे कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठलं की पाण्यावर झाकण बसतं आणि मग हा प्रकार थांबतो.

बर्फ उडवायचं मशीन इथं घरोघरी असतं. माझं पेट्रोलवर चालणारं आहे. मागं दोन दांडे, मधे इंजिन, खाली दोन चाकं, आणि पुढं तोंड: अठ्ठावीस इंच रुंद, एकवीस इंच उंच. त्या तोंडात आडवं मळसूत्र फिरतं, त्याला ऑगर म्हणतात. डावीकडचा आणि उजवीकडचा बर्फ ते चावत चावत मधे आणतं. मधल्या भोकामागं पोलादी पात्यांचा पंखा असतो. तो हा बर्फ धरून वरच्या नळकांड्यातून चाळीस-एक फूट लांब फेकतो. ऑगर संथ फिरतो, मिनिटाला शंभरभर फेरे. त्याच्या मागचा पंखा हजाराच्या आसपास. बघणाऱ्याला दिसतो तो ऑगर, आणि त्याच्या संथपणामुळे मशीनचा धाक वाटेनासा होतो. खरा वेग मागे, अंधारात असतो.

क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी 1925 साली बर्फ फेकणारी गाडी तयार केली आणि 1927 साली मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ नगरपालिकेला पहिली विकली. शेतावरचं मळणी यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. मी हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पहिल्या हिवाळ्यात हे मशीन चालू केलं त्या क्षणीच मला आमच्या खळ्यावरचा हडंबा आठवला होता.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. ज्वारीची काढणी झाली की हडंबा यायचा, ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालायचा. पुढच्या तोंडातून कणसं जायची, खालून दाणे पडायचे, मागून भुसा उडायचा. आमचा सालगडी, आम्ही मुलं त्याला मामाच म्हणायचो, कणसं लावायला उभा असे. मी चौथीत होते त्या वर्षी शेवटच्या ढिगाला कणसं अडकली, आणि त्यानं ती हातानं आत रेटली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. तोंडावर पत्र्याचं झाकण होतं, पण त्यानं काम हळू होतं म्हणून ते आधीच काढून ठेवलेलं होतं. अशा अपघातांत देशभर इतके हात गेले की 1983 साली त्यासाठी संसदेनं धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला. कणसं टाकायची पन्हाळ लांब आणि वरून झाकलेली असावी, म्हणजे हात फिरत्या दातांपर्यंत पोचूच नये, एवढी साधी ती गोष्ट आहे. आमच्या आप्पांनी दुसऱ्या वर्षी झाकण स्वतः उभं राहून बसवून घेतलं. मामाचा हात मात्र तसाच राहिला.

म्हणून बर्फाच्या दिवशी आप्पांचा फोन येतो तेव्हा ते थंडी किती हे विचारत नाहीत. इथं पहाट असते, तिकडं दुपार कललेली.

"हात कुठं असतात गं तुझे?"

"दांड्यावर, आप्पा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

कामाला मी मफलर घालत नाही. जॅकेटच्या नाड्या आत खोचते, केस टोपीत. टाकी मी बाहेर अंगणात भरते, तीही इंजिन गार असताना. गॅरेजचं दार सताड उघडं असलं तरी आत इंजिन चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि आमच्या घराचा जिना गॅरेजमधूनच वर जातो. शिवाय मशीन पाच-दहा मिनिटं बाहेर गारठू द्यावं लागतं. उबदार पत्र्यावर बर्फ वितळतो, मग गोठतो, आणि नळकांडं आतून लिंपल्यासारखं होतं.

मग पेट्रोलचा कॉक, चोक, दोन-तीनदा रबरी बटण दाबणं, आणि दोरी. दोरी आधी सावकाश ओढायची, हाताला विरोध लागेपर्यंत, आणि तिथून एकदम. इंजिन धरलं की चोक हळूहळू सोडायचा.

दांड्यांवर दोन लिव्हर असतात, एक चाकांचा आणि एक ऑगरचा. दाबून धरले तरच ते चालतात, हात सुटला की थांबतात. ऑगरचा लिव्हर सोडल्यावर पाच सेकंदांच्या आत सगळं थांबलं पाहिजे. हे मी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला आकडे मोजून बघते. सहा म्हणेपर्यंत फिरत राहिलं तर केबल किंवा पट्टा बघून घ्यायचा, तोवर मशीन बाहेर काढायचं नाही. हा लिव्हर प्लॅस्टिकच्या पट्टीनं कायमचा बांधून ठेवणारे लोक मी पाहिलेत. हाताला रग लागते म्हणतात. मला दर वेळी मामाच्या हडंब्यावरून काढून ठेवलेलं ते झाकण दिसतं.

फेकायचं ते वाऱ्याच्या दिशेनं. उलट फेकला तर तोच बर्फ परत तोंडावर. नळकांडं माणसांकडे, खिडक्यांकडे, उभ्या गाड्यांकडे कधीच वळवायचं नाही, कारण बर्फाबरोबर खडाही तितक्याच जोरानं जातो. भट्टीचा धूर जिथून बाहेर पडतो तो भिंतीतला पाइपही मोकळा ठेवायचा; तो बुजला तर तोच विषारी वायू घरात शिरतो. आणि मोठ्या वादळात सगळा बर्फ पडून जाईपर्यंत थांबायचं नसतं. एकवीस इंचांचं तोंड तीन फुटांच्या भिंतीपुढं काही करू शकत नाही. सहा-आठ इंच साठले की एक फेरी, मग चहा, मग पुन्हा फेरी. 2022 साली आम्ही दोघांनी आळीपाळीनं रात्रभर हेच केलं.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे ड्राइव्हवेचं टोक. नगरपालिकेची नांगरगाडी रस्ता साफ करत जाते आणि आमच्या तोंडाशी बांध घालून जाते. मी त्याला बांधच म्हणते. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतं. हा दाबलेला, मिठानं ओलावलेला बर्फ तीनशेच्या पुढं जातो. इथं घाई केली की मशीन अडतं. सर्वात हळू वेग ठेवायचा, रुंदीच्या निम्मंच तोंड घुसवायचं, घास छोटा घ्यायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात इथंच माझी चूक झाली. हवा शून्याच्या आसपास, बर्फ भिजलेल्या साबुदाण्यासारखा, आणि मला आठला निघायचं होतं. बांधाच्या मधोमध मशीनचा आवाज बदलला. आधी जड झाला, मग एकदम मोकळा. विहिरीवरच्या मोटारीनं पाणी सोडल्यावर होतो तसा. नळकांड्यातून काहीच येईना. मी लिव्हर सोडले, इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली. सगळं थांबलेलं. नळकांड्याच्या तळाशी घट्ट बसलेला करडा गोळा दिसत होता, दोन बोटांनी उकरला असता तर सुटला असता. हात अर्ध्या वाटेवर होता.

समोरच्या घरातले आजोबा जोरात ओरडले. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. अंगात कोट नसताना, घरातल्या चपलांवर ते रस्ता ओलांडून आले. बोलले काही नाहीत. मशीनच्या माथ्यावर खाचेत बसवलेली प्लॅस्टिकची पिवळी काठी त्यांनी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. स्पार्क प्लगची वायर ओढून बाजूला केली. मी काठीनं गोळा खरवडला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गोळा फुटला आणि आतला पंखा खाडकन फिरला. पूर्ण नाही, पाव फेरा. काठी माझ्या हातातून हिसकली आणि पत्र्यावर आपटली. चावी माझ्या खिशात होती.

नंतर कितीतरी वेळ मी त्या काठीवरचा नवा ओरखडा बघत होते. पात्याची कड आणि डबा यांच्यात बोटाइतकीही जागा नसते. इंजिन बंद झालं तरी अडकलेल्या पंख्यावर ताण उरलेला असू शकतो. पट्टा ताणलेला असतो, बर्फाचा गोळा त्या ताणाला धरून बसलेला असतो. गोळा सुटला की ताणही सुटतो. त्याला चावी लागत नाही.

हातांवर शस्त्रक्रिया करणारे इथले डॉक्टर या अपघातांची जी खूण सांगतात ती माझ्या त्या सकाळशी तंतोतंत जुळते: सहा इंचांहून जास्त जड, ओला बर्फ, तापमान उणे दोनच्या वर, चोंदलेलं नळकांडं, आणि साफ करायला आत घातलेला हात. बहुतेकदा ज्या हातानं आपण लिहितो, जेवतो, तोच. बिचारी माणसं निष्काळजी नसतात. बधिरलेले हात, घड्याळ, आणि समोर अगदी जवळ दिसणारं काम, एवढंच असतं. हातमोजा तर घात वाढवतो, कारण पातं आधी मोजा पकडतं आणि हात मागून ओढला जातो.

तेव्हापासून माझा क्रम मोडत नाही. लिव्हर सोडायचे, इंजिन बंद, चावी खिशात, प्लगची वायर बाजूला, सगळं फिरायचं थांबेपर्यंत उभं राहायचं, आणि मग काठी. हात नाही. घाई असेल त्या दिवशी मी हा क्रम मोठ्यानं म्हणते.

मशीनच्या देखभालीतली माझी सर्वात आवडती वस्तू म्हणजे शिअर पिन. करंगळीहून बारीक, मुद्दाम नाजूक केलेली लोखंडी पिन. ऑगर आपल्या दांड्याला याच पिनांनी जोडलेला असतो. बर्फाखाली गोठलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा, पायपुसणं किंवा धोंडा तोंडात गेला की ती पिन तुटते आणि आतलं दातांचं चाक वाचतं. दुकानात एक-दोन डॉलरला मिळते. पिन तुटली म्हणून त्या भोकात घट्ट पोलादी बोल्ट ठोकणारेही असतात. मग पुढच्या धोंड्याला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. दुसरीही एक बारीक गोष्ट आहे. दांड्यावर ग्रीस देत राहिलं नाही तर ऑगर गंजून दांड्याला चिकटतो, आणि मग पिन असून नसल्यासारखी. म्हणून मी पिना काढून, ऑगर हातानं फिरवून, ग्रीसगननं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरते. त्याआधी प्लगची वायर काढलेली असते, हे सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी बूट असतात, त्यांवर मशीनची उंची ठरते. डांबरी जमिनीवर किंचित वर, खडीवर इंचभर तरी वर, नाहीतर मशीन खडी वेचून शेजाऱ्याच्या गाडीवर फेकेल. तेल दर हंगामाला, थंडीत चालणारं, इंजिन कोमट असताना बदलायचं. जमीन गोठण्याआधी ड्राइव्हवेच्या कडेनं चकाकत्या काठ्या रोवायच्या. काम संपलं की ऑगर रिकामा मिनिटभर फिरवायचा, म्हणजे उरलेला बर्फ आत गोठत नाही. आणि पेट्रोल: इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनोन् महिने पडून राहिलं की पेट्रोलची चिकट साय कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोकांत बसते. एका उन्हाळ्यात मी टाकी तशीच ठेवली होती. नोव्हेंबरात पहिल्या बर्फाला मशीन धरेना, आणि दुरुस्तीवाल्याकडे तीन आठवड्यांची रांग.

म्हणून मार्चच्या शेवटी एक सकाळ त्यासाठी राखलेली असते. कॉक बंद करून इंजिन चालू ठेवते. नळीतलं उरलेलं पेट्रोल संपत येतं तसा आवाज चढतो, अडखळतो, दोनदा खोकतो आणि थांबतो. अंगणात कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग आहेत, पण पागोळ्या गळायच्या थांबलेल्या नाहीत. मी चावी काढते, पिवळी काठी पुसून खाचेत बसवते.

फोन वाजतो. आप्पांच्या मागं घरघर ऐकू येते, त्यांना ओरडून बोलावं लागतं. शाळूची मळणी चालू आहे, हडंबा सकाळपासून खळ्यावर आहे.

"झाकण आहे का आप्पा?"

"बसवलंय. मी समोरच उभा आहे."