आजार चेहऱ्यावर नसतो

मानसिक आजारातून गेलेल्या माणसाचं पोर्ट्रेट करायला बसलं की पहिली अडचण चेहऱ्याचीच येते. भुवई, ओठांचे कोपरे, डोळ्यांखालची सावली यांवरून माणूस ओळखायची सवय चित्रकाराच्या डोळ्यांना लागलेली असते. इथे ती सवय दगा देते. स्किझोफ्रेनियात चेहऱ्यावरचे भाव मंदावू शकतात. त्यावरच्या काही औषधांनीही चेहऱ्याची हालचाल कमी होते, हाताला कंप सुटतो. समोरचा माणूस मजेत गप्पा मारत असतो आणि कॅनव्हासवर मात्र दुःखी माणूस उतरत जातो. ते दुःख त्याचं नसतं, आपण घातलेलं असतं.

जुन्या पनवेलमधल्या एका खोलीत मी ही पोर्ट्रेट्स करते. चेहऱ्याबरोबर त्या माणसाच्या वस्तू, जागा, सोबतची माणसं घेऊन त्याची गोष्ट सांगायची, असा हा प्रकार. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांतून गेलेले लोक माझ्यासमोर बसतात. बहुतेकांनी ही गोष्ट सोसायटीत, कंपनीत किंवा सोयऱ्यांत कधी काढलेली नसते. म्हणून इथेही ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

पहिल्या भेटीत कागद बाहेर काढत नाही. चहा घेता घेता अटी ठरतात. चित्रात काय यावं, सोबतच्या मजकुरात काय लिहावं आणि ते कुणी पाहावं, हे बसणाऱ्याने ठरवायचं. नंतर मन बदललं तर चित्र मागे घ्यायचं. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. कॅनव्हासचा त्यात उल्लेख नाही, पण मी स्वतःपुरता तोच नियम धरला आहे. एक पूर्ण झालेलं चित्र सध्या भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, कारण त्यातल्या मुलाच्या बहिणीचं लग्न ठरायचंय.

पुढच्या भेटींत कोळसा हातात येतो. मी आधी हात काढते, चेहरा मागाहून. आपली गोष्ट सांगताना माणूस समोर फार कमी बघतो, बहुधा स्वतःच्या हातांकडे बघतो. बोटं ओढणीचं टोक गुंडाळतात, घड्याळाचा पट्टा सारखा करतात. कंप असेल तर तो काढायचा की नाही, हे विचारून घेते. काहीजण म्हणतात, "असू दे, खरा आहे." काहींना तो नको असतो. मग मी हात कशावर तरी टेकवून घेते.

रंगाला सुरुवात होते ती पातळ बर्न्ट अंबरने. सगळा कॅनव्हास तपकिरी करायचा आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढायच्या. आपल्याकडच्या त्वचेसाठी येलो ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि सावलीत किंचित हिरवट टेर व्हर्ट. पनवेलच्या पावसाळ्यात तैलरंग वाळता वाळत नाही, त्यामुळे दोन थरांमध्ये बराच काळ जातो. तेवढ्यात बसणाऱ्याचं मनही हललेलं असतं. बायपोलर असलेल्या एका तरुणाने पुढच्या खेपेला चित्र पाहिलं आणि म्हणाला, "हे डोळे त्या वेळचे आहेत." पॅलेट नाइफने ते खरवडले. खालचा थर थोडा दिसत राहिला, तो त्याने तसाच ठेवायला सांगितला.

खरी घासाघीस होते ती वस्तूंवरून. कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर काम करणारे एक गृहस्थ आहेत, स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू असलेले. त्यांच्यासमोरच्या टेबलावर मी गोळ्यांची पट्टी काढली होती. ते म्हणाले, "ताई, गोळी मी दाढी करतो तशी रोज घेतो. दाढीचा ब्रश काढलात का कुठे?" पट्टी पुसली. त्यांना मागे वजनकाटा हवा होता आणि शर्टाच्या खिशात पावती पुस्तक. आजारपणात सुटलेलं काम परत मिळालं, ही त्यांच्या लेखी सांगण्यासारखी गोष्ट होती.

एका बाईंना बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. त्यांनी चित्रात सासूबाई मागितल्या. दवाखान्यात सासूबाईच सोबत जायच्या. शेजारीण दारात भेटली की सांगायच्या, "भाजीला चाललोय." आणि खोटं पडू नये म्हणून येताना खरोखर भाजी घ्यायच्या. चित्रात रिक्षा स्टँडवर दोघी उभ्या आहेत, कापडी पिशवीतून मेथी डोकावतेय. पाहणाऱ्याला त्यात आजार सापडत नाही. तो शेजारी लावलेल्या, बाईंच्याच शब्दांतल्या मजकुरात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा याच वाटेने जाते. ठाकर कलावंत पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून कथा गातो. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राने सगळं एकट्याने सांगावं असा हट्ट त्या परंपरेत नाही, माझ्या कामातही तो मी सोडला.

या विषयावरची जगातली सर्वांत गाजलेली पोर्ट्रेट्स फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिको याची. १८२०च्या सुमारास त्याने पॅरिसच्या मनोरुग्णांची दहा चित्रं केली, डॉक्टर जॉर्जे यांच्यासाठी, असं मानलं जातं. त्यांतली पाच आज निश्चितपणे ठाऊक आहेत. रंगलेपन असं की मान झुकते. एकाही चेहऱ्याची टिंगल नाही. पण ती ओळखली जातात कशी? जुगाराचं वेड असलेली बाई, चोरीचं वेड असलेला माणूस, मत्सराने पछाडलेली स्त्री. नावं आजारांची उरली, माणसांची गेली. आजार चेहऱ्यावर वाचता येतो, हा त्या काळच्या वैद्यकाचा समज होता.

याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राशी जोडलेलं आहे. ते चालवणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना मुंबईच्या रस्त्यावर दैन्यावस्थेत भटकणारे एक गृहस्थ सापडले. ते निघाले जे. जे. कला महाविद्यालयातले अध्यापक. ते बरे झाल्यावर १४१ चित्रकारांनी आपली चित्रं प्रदर्शनात देऊन संस्थेला निधी उभारून दिला. पुढे कर्जतचं केंद्र झालं, हजारो भटके मनोरुग्ण घरी पोचले आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसला होता वेडा. तो चित्रकला शिकवणारा आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठे लिहिलं होतं?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातल्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला त्या वेळी मानसिक आजार होता आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे भाजीच्या पिशवीची गरज अजून अनेक घरांना आहे, आणि पिशवी घेऊन सोबत निघणारं माणूस सगळ्यांकडे नाही.

प्रदर्शनात लोक चित्रासमोर उभे राहून विचारतात, "याला नेमकं झालंय काय?" त्यांना मी शेजारचा मजकूर वाचायला सांगते. घरातल्या माणसाबाबतही तेच करा. चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, त्याला बोलू द्या, मध्ये सल्ला न देता ऐका. पुढे कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.