काच गळत नाही, सांधा गळतो

वापरलेली माशांची टाकी विकत घेताना भाव ठरतो तो काचेवरून: ओरखडे किती, डाग किती, काच जाड की पातळ. गळतीचा मात्र काचेशी फारसा संबंध नसतो. तडा गेला असेल तर गोष्ट निराळी. पण तडा दिसतो, आणि तडा गेलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. बाकी सगळी गळती होते ती दोन काचा जिथे जोडल्या जातात त्या सिलिकॉनच्या सांध्यातून. हा सांधा दोन थरांचा असतो. काचांच्या कडांमधला पातळ थर टाकीला धरून ठेवतो, आणि आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली जाड पट्टी त्या थराला पाण्यापासून वाचवते. आतली पट्टी थोडी सुटलेली असली तरी टाकी काही काळ कोरडी राहू शकते, आणि पट्टी नवी चकचकीत असली तरी मागचा थर गेलेला असू शकतो.

त्यामुळेच ‘अर्धी भरून पाहिली, थेंबही आला नाही’ या सांगण्याला अर्थ नाही. पाण्याचा दाब टाकीत पाणी किती लिटर आहे यावर ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि पंधरा इंच उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 70 लिटर पाणी मावते आणि समोरच्या काचेवर जवळपास 44 किलोचा रेटा येतो. तीच टाकी अर्धी भरली तर रेटा 22 नव्हे, 11 किलोच उरतो, कारण खोली निम्मी झाली की रेटा चौथाईवर येतो. वरच्या निम्म्या सांध्याला तर पाणी लागतच नाही. म्हणून चाचणी काठाखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरूनच करावी लागते, आणि तीही टप्प्याटप्प्याने. तिसरा हिस्सा भरून थांबावे, सांधे बघावेत, मग पुढे जावे.

किती वेळ? चहा होईपर्यंत तर नक्कीच नाही. मोठी गळती पाच मिनिटांत कळते, पण तिच्यामुळे कोणी फसत नाही. फसवतो तो पाझर. पाणी केसाएवढ्या वाटेने बाहेर येते आणि थेंब धरण्याआधीच वाळून जाते. असा पाझर कळायला किमान 24 तास लागतात. 48 दिले तर उत्तम. विक्रेत्याला एवढी सवड नसेल तर सांधे नव्याने भरण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

चाचणी कुठे होते यालाही तेवढेच महत्त्व आहे. अलिबागजवळच्या रेवदंडा या किनाऱ्यावरच्या गावी जुन्या घरांत पडवी आणि अंगण मोकळे असते, म्हणून भरून पाहण्याची टाकी तिथेच ठेवण्याचा मोह होतो. जांभ्याच्या खडबडीत ओट्यावर किंवा सारवलेल्या जमिनीवर चांगली टाकीही तडकू शकते, आणि मग दोष टाकीचा की जागेचा हा वाद उरतो. 70 लिटर पाणी म्हणजे 70 किलो, काच आणि वाळू धरून नव्वदीच्या पुढे. हे वजन तळाखालच्या एका खड्यावर एकवटले की काच जाते. गवंड्याची पाणसळ ठेवून सपाट ठरवलेल्या फळीवर, बिनचौकटीच्या टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता घालून मगच पाणी भरावे. तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर थर्मोकोल नको, कारण तिथे भार कडांवर पेलायचा असतो आणि मधला तळ अधांतरी ठेवलेला असतो.

किनाऱ्याची हवा या चाचणीत दोन्ही बाजूंनी गोंधळ घालते. पहिला गोंधळ दवाचा. विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी हवेपेक्षा बरेच गार असेल तर दमट दिवसात काच बाहेरून ओली होते, आणि टाकी गळते असा बोभाटा होतो. दव काचेभर सारखे धरते आणि पाणी हवेच्या उबेला आले की नाहीसे होते. गळती एका सांध्यापासून सुरू होऊन खाली उतरते. दुसरा गोंधळ वर्तमानपत्राचा. टाकीखाली कागद पसरून ठेवण्याची रीत चांगली आहे, पण आषाढात कागद आपोआप मऊ पडतो. म्हणून तसाच एक कागद टाकीपासून हातभर दूर ठेवावा आणि दोन्हींची तुलना करावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कोरडा टिशू पेपर प्रत्येक सांध्यावरून बाहेरून फिरवणे, किंवा तळाच्या सांध्यालगत टाल्कम पावडरीची रेघ ओढून ठेवणे. रेघ कुठे ओलावली ते लगेच दिसते. पावसात टाकी उघड्यावर ठेवून ‘आपोआप भरू दे’ म्हणणाऱ्यांना मात्र काहीच कळणार नाही. बाहेरून भिजलेल्या टाकीचा पाझर कोण शोधणार?

पाण्याची पातळी उतरली म्हणजे टाकी गळते, हाही घाईचा निष्कर्ष. वर दिलेल्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे 1,800 चौरस सेंटिमीटर असतो. पाणी एक मिलिमीटर उतरले तरी 180 मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी गेलेले असते, आणि पंख्याखाली ते सहज वाफ होऊन जाते. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन्हींवर खूण केली तर उलगडा होतो. दोन्ही सारखीच उतरली तर दोष हवेचा. टाकी चालू असेल तर आणखी एक जागा तपासावी. हवेच्या पंपाची नळी किंवा फिल्टरची वायर काठावरून लोंबत असते, तिच्यावरून पाणी ओघळून टाकीखाली साचते आणि सांधा विनाकारण बदनाम होतो.

कोरड्या टाकीवरही पुरावे असतात, ते वाचता यायला हवेत. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. असे पाणी वाळले की क्षारांचा पांढरा थर मागे ठेवते. हा थर आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर असेल तर ती नुसती बाष्पीभवनाची खूण. बाहेरच्या बाजूला, सांध्यालगत किंवा तळाच्या कडेला असेल तर तिथून कधीतरी पाणी पाझरले आहे, विक्रेता काहीही म्हणो. सिलिकॉनमधले बुडबुडे बघून मात्र लोक उगीच घाबरतात. सुटा बुडबुडा निरुपद्रवी असतो. बुडबुड्यांची सलग माळ आतून बाहेरपर्यंत पोचत असेल, किंवा पट्टीची कड नखाने उचलली जात असेल आणि तिच्याखाली हिरवे शेवाळ शिरलेले असेल, तर चिंतेचे कारण आहे.

‘खाऱ्या हवेने सिलिकॉन खाल्ले’ हे किनाऱ्यावरचे आवडते निदान. सिलिकॉनला मीठ किंवा ऊन सहजी बाधत नाही. खारी हवा खाते ते लोखंडी स्टँडला. टाकी पक्की आणि स्टँडचे पाय गंजून पोकळ, ही जोडी जास्त धोक्याची. ‘बरेच दिवस कोरडी पडली म्हणून गेली’ हे निदान फार जुन्या, लोखंडी चौकटीत लांबी भरून काचा बसवलेल्या टाक्यांना लागू पडते, कारण लांबी वाळून कडक होते आणि तडकते. सिलिकॉनचे तसे नाही. ते म्हातारे होते, पण वाळून नव्हे.

गळती सापडलीच, तर बाहेरून एम-सीलचा गोळा किंवा सिलिकॉनची बोटभर रेघ लावून काम भागते असे समजले जाते. बाहेरच्या ठिगळाला पाणी आतून ढकलत असते, म्हणजे ते उचकटण्याच्याच दिशेने. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. आतली पूर्ण पट्टी ब्लेडने खरवडून, काच पुसून, नवी ओढावी लागते. काचांमधला थरच गेला असेल तर काचा सुट्या करून टाकी पुन्हा जोडण्याला पर्याय नाही. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन इथे चालत नाही. बुरशीला मारणारे द्रव्य माशांनाही घातक ठरते. साधे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर असे पिकते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत आहे तोवर ते कच्चेच आहे.

टाकी फुटण्याआधी ठिबकून इशारा देते, हाही भरवशाचा समज नव्हे. बर्लिनच्या एका हॉटेलातले अ‍ॅक्वाडोम हे दहा लाख लिटरचे अ‍ॅक्रिलिकचे मत्स्यालय 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे एकाएकी फुटले, आणि त्याचे कारण तज्ज्ञांनाही ठामपणे ठरवता आले नाही. घरगुती टाकीत यातून घेण्यासारखे एवढेच: लांब टाकीच्या वरच्या काठांना जोडणारी काचेची आडवी पट्टी निखळलेली असेल तर काच फुगते, सांधा ताणला जातो, आणि आज कोरडा असलेला सांधा उद्या उघडू शकतो. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला तर वरचे नियम निम्मेच लागू पडतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणात 12 फुटांचा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. तशा जाड अ‍ॅक्रिलिकचे जोड सिलिकॉनने होत नाहीत, कारण सिलिकॉन त्यावर पक्के बसत नाही. घरगुती अ‍ॅक्रिलिक टाकीच्या सांध्यावर सिलिकॉनची रेघ दिसली तर ती डागडुजीची खूण समजावी.

विक्रेत्याच्या घरी उत्तीर्ण झालेली टाकी रेवदंड्याला पोचेपर्यंत उत्तीर्णच राहील असे नाही. मुंबईहून मांडव्याच्या रो-रोने आली काय किंवा अलिबागहून सतरा-अठरा किलोमीटर टेम्पोत आली काय, रस्त्याचे हादरे सांध्यालाच बसतात. पाणी नळीने पूर्ण काढावे, वाळू-दगड वेगळे करावेत, टाकी वरच्या पट्टीला धरून न उचलता तळाखाली हात घालून उचलावी. घरी आल्यावर, मासे आणण्याआधी, ती ठरलेल्या जागी पुन्हा काठापर्यंत भरून एक पूर्ण दिवस तशीच ठेवावी.