वर्ग भरण्याआधी ‘आर’

काही वर्षं नोकरी करून पुन्हा एमएस्सी किंवा पीएचडीकडे वळणाऱ्यांना धास्ती असते गणिताची. पहिल्या सत्रात दमछाक मात्र अनेकदा कोड करतो. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, परिसरशास्त्र अशा विषयांत पुष्कळ ठिकाणी ‘आर’ किंवा ‘पायथन’ ही प्रोग्रामिंगची भाषा तुम्हाला येतेच असं धरून गृहपाठ दिला जातो. म्हणून प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे महिने मोलाचे.

कोणती भाषा निवडायची यावर फार वेळ घालवू नये. आपले गाइड आणि त्यांचे विद्यार्थी वापरतात ती शिकावी. ‘आर’ ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी घडवली, त्यामुळे तिची ठेवण आकडेवारीची. १९९१ मध्ये आलेली पायथन सर्व कामांसाठीची. एक नीट आली की दुसरी जड जात नाही.

पण एक्सेल येत असताना हा खटाटोप का करायचा? याचं उत्तर एका विद्यार्थ्याच्या गृहपाठात आहे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर घसरतो. सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष उचलून धरला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या विभागात पीएचडी करणाऱ्या थॉमस हर्नडन याने तो वर्गातल्या गृहपाठासाठी पडताळायला घेतला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पंधराच देश धरले गेले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. काही वर्षांची आकडेवारीही गाळली होती आणि देशांना भार देण्याची पद्धत वादग्रस्त होती. खरं तर फरक मुख्यतः या दोन गोष्टींनी पडला, सूत्रातल्या चुकीचा वाटा लहान होता. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये दुरुस्त आकडा मांडला: अधिक २.२ टक्के.

एक्सेलमध्ये सूत्र चौकटीमागे दडलेलं असतं. कोडमध्ये कुठल्या ओळी घेतल्या, कुठल्या सोडल्या हे लिहूनच ठेवावं लागतं, आणि लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं. संशोधनाकडे परतणाऱ्याने भाषा शिकायची ती मला वाटतं यासाठीच.

सुरुवातीलाच याची प्रचिती येते. पावसाच्या नोंदींच्या रकान्यात एका दिवसाची नोंद नसेल, तर एक्सेल ती रिकामी चौकट मुकाट्याने वगळून सरासरी देतं. ‘आर’ मात्र सरासरीच्या जागी ‘एनए’ छापते, म्हणजे उत्तर उपलब्ध नाही. रिकाम्या नोंदी वगळ, असं तुम्ही स्पष्ट सांगितल्यावरच ती आकडा देते. नवख्याला हा आडमुठेपणा वाटतो. पण तो दिवस कोरडा होता की मोजणाराच आला नव्हता, हे ठरवायची जबाबदारी ती तुमच्यावर टाकते, आणि ती तुमचीच असते. पायथनमध्ये आकडेवारी हाताळणारी ‘पांडाज’ ही लायब्ररी या बाबतीत एक्सेलसारखी वागते. तिथे रिकाम्या नोंदी आपणच आधी मोजून घ्याव्यात.

शिकायला साधनं भरपूर आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे पाठ तर मराठीतूनही ऐकता येतात. मात्र पाठांमागून पाठ पाहत बसू नये. आठवड्याभरातच आपल्या विषयातला असा एक जुना शोधनिबंध निवडावा, ज्याची आकडेवारी खुली आहे, आणि त्यातला एकच तक्ता आपल्या कोडने पुन्हा काढून पाहावा. मूळ फाइलला हात लावू नये. प्रत्येक बदल कोडमध्येच करावा. एरर आली की ती शेवटपर्यंत वाचावी, चूक कुठे झाली याचा सुगावा बहुतेक वेळा तिथेच असतो. कोड लिहून देणारी एआय साधनं आता हाताशी आहेत, पण त्यांनी कुठल्या नोंदी परस्पर वगळल्या हे ओळखण्यापुरतं वाचन आपल्यालाच यायला हवं.

तक्ता जुळायला दोन आठवडे लागतील, कदाचित जास्तच. जुळलाच नाही, तर ती फाइल घेऊन गाइडकडे जावं. पहिल्या भेटीत बोलायला याहून चांगला विषय मिळणार नाही.