बाल्टिमोरचा आठ नंबर

६ सप्टेंबर १९९५. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स या बेसबॉल मैदानाला खेटून रेल्वेचं जुनं, लांबलचक विटांचं गोदाम आहे. पाचवी इनिंग निम्मी झाली आणि त्याच्या भिंतीवरचे आकडे बदलून २१३१ झाले. लू गेरिगचा सलग २१३० सामन्यांचा, ५६ वर्षं टिकलेला विक्रम मोडला होता. टाळ्या थांबेनात, खेळ बावीस मिनिटं खोळंबला. शेवटी दोघा सहकाऱ्यांनी आठ नंबरच्या कॅल रिपकेनला डगआउटबाहेर ढकललं, तेव्हा कुठे तो कुंपणापलीकडच्या हातांना हात लावत मैदानभर फिरला.

आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती. रिपकेनने रुसलेला प्रेक्षक परत आणला, असं अमेरिकेत आजही सांगतात. सांगोत बापडे. मला मात्र त्याची खरी कसोटी १९८८ मध्ये दिसते.

कॅल मेरीलँडमधल्या ॲबर्डीनचा, म्हणजे बाल्टिमोरच्या शेजारचाच. त्याचे वडील, थोरले कॅल रिपकेन, बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाच्या पदरी १९५७ पासून होते: आधी छोट्या लीगमधले खेळाडू, मग प्रशिक्षक, १९८७ मध्ये मुख्य संघाचे मॅनेजर. कॅल आणि धाकटा बिली, दोघेही त्यांच्या हाताखाली खेळले. १९८८ चा हंगाम सुरू झाला, पहिले सहा सामने गेले आणि वडिलांना काढून टाकलं. त्यानंतरही संघ हरतच राहिला. ओळीने २१ पराभव. दोष मॅनेजरचा नव्हता हे उघडच झालं. तरी कॅलने त्याच वर्षी संघाशी नवा करार केला. १९९२ मध्ये पुन्हा पाच वर्षांचा करार केला, तर हंगाम संपताच प्रशिक्षक म्हणून परतलेले वडील दुसऱ्यांदा बाहेर, आणि बिलीही. याला निष्ठा म्हणावं की हट्ट?

हट्टही असेल. बेसबॉलमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने, आणि त्याची शॉर्टस्टॉप ही इनफिल्डमधली सगळ्यात धावपळीची जागा. ३० मे १९८२ पासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. १९९० मध्ये त्याची सरासरी .२५० वर आली, तेव्हा विक्रमापायी विश्रांती घेत नाही, अशी टीका झाली. ती अगदीच गैर नव्हती. पण पुढच्याच वर्षी .३२३ सरासरी, ३४ होमरन आणि ९५ सामने हरलेल्या संघातून एमव्हीपीचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान! सहा फूट चार इंचांचा माणूस शॉर्टस्टॉपला चालत नाही, ही जुनी समजूतही त्याने निकालात काढली.

२० सप्टेंबर १९९८ ला यांकीजविरुद्धच्या सामन्याआधी त्याने स्वतःच मॅनेजरला सांगितलं, आज मी नाही. आकडा २६३२ वर थांबला.

निवृत्ती २००१ मध्ये. शेवटचा सामना खरं तर न्यूयॉर्कला व्हायचा. पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर वेळापत्रक पुढे सरकलं आणि ६ ऑक्टोबरला निरोप घरच्या मैदानावर मिळाला. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, पुढची पाळी त्याची. तेवढ्यात ब्रेडी अँडरसन स्ट्राइकआउट झाला. एकाच संघासाठी ३००१ सामने, ३१८४ हिट्स, ४३१ होमरन. २००७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी.

२०२४ मध्ये डेव्हिड रुबेनस्टाइन यांच्या गटाने ओरिओल्स विकत घेतला. ज्या संघाने बापाला दोनदा घरी पाठवलं, त्याच्या मालकांत आता मुलगा आहे.