मुखपाक की औषधजन्य विस्फोट? निदानातील सावधानता

मुखपाकाचा रुग्ण वैद्याकडे येणे ही नित्याची बाब होय. अतितिखट आहार, जागरण, मलावष्टंभ अशी कारणे शोधून आपण पित्तशामक चिकित्सा योजतो आणि बहुतेक रुग्णांना उपशय मिळतो. परंतु मुखातील व्रणांबरोबर त्वचेवरही मंडले वा फोड उमटले असतील, तर त्यास केवळ मुखपाक समजणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. औषधांच्या अतिसंवेदनशीलतेतून उद्भवणाऱ्या व्याधींचा विचार अशा वेळी प्रथम व्हावा, असे आम्हांस वाटते.

सदृश व्याधींचा भेद

एरिथेमा मल्टिफॉर्मी हा विकार बहुधा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या संसर्गानंतर होतो. हातापायांवर एकात एक वर्तुळे असलेली मंडले दिसतात आणि काही आठवड्यांत ती शमतात. दुसरा प्रकार स्थिर औषधज मंडलाचा. तेच औषध पुन्हा घेतले की ओठ, जननेंद्रिय वा त्वचेवर पूर्वीच्याच जागी व्रण उमटतो व मागे काळपट डाग राहतो.

तिसरा प्रकार सर्वांत दारुण. अमेरिकेतील स्टीव्हन्स व जॉन्सन या वैद्यकतज्ज्ञांनी १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये तो वर्णिला. त्यांच्याच नावांनी तो ओळखला जातो. यात शरीराच्या १० टक्क्यांहून कमी त्वचा सुटते. ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटल्यास त्यास टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. १९५६ मध्ये लायेल यांनी त्यास हे नाव दिले. या तीव्र रूपात सुमारे एकतृतीयांश रुग्ण दगावतात. जे वाचतात, त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीस कायमची इजा पोहोचते.

कारण व पूर्वरूपे

कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल, सल्फा औषधे, नेव्हिरापिन आणि पिरॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके ही प्रमुख कारणे होत. औषध सुरू केल्यापासून साधारणतः ४ ते २८ दिवसांत व्याधी प्रकटतो. म्हणून ‘काल काय घेतले?’ एवढा प्रश्न पुरेसा नाही. मागील दोन महिन्यांचा औषधेतिहास विचारावा.

प्रारंभी ज्वर, घसादुखी व डोळ्यांची जळजळ असते. पुढे ओठांवर रक्तमिश्रित खपल्या, मूत्रदाह आणि छाती व चेहऱ्यावर दुखरे जांभळट डाग येतात. हलक्या घर्षणानेही त्वचा सुटू लागते. सहस्रांना मानवणारे औषध एखाद्यासच का बाधते, यामागे आनुवंशिकताही आहे. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये एचएलए-बी १५०२ या जनुकभेदाचा कार्बामाझेपिनजन्य विकाराशी निकट संबंध दाखविला.

वैद्यांचे कर्तव्य

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथे अक्षरशः लागू पडते. संशयित औषध तत्काळ थांबवावे आणि रुग्णास त्याच दिवशी त्वचारोग, नेत्ररोग व अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. अपस्माराचे औषध थांबविताना पर्यायी औषध तेथील तज्ज्ञांनीच ठरवावे. कार्बामाझेपिन बाधलेल्या रुग्णास फेनिटॉइन वा फेनोबार्बिटोनही बाधू शकते. अशा अवस्थेत शोधनकर्म करू नये, सुटलेल्या त्वचेवर लेप लावू नयेत. त्रिफळा क्वाथाचा गंडूष सामान्य मुखपाकात उत्तम. येथे त्यात घालविलेले दोन दिवस रुग्णास महाग पडतात.

औषधविक्रेत्यांस निवेदन

तोंड आले म्हणून गोळी मागणाऱ्या ग्राहकास अंगावर पुरळ, ताप वा डोळ्यांची लाली आहे का, हे अवश्य विचारावे. वरील औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. घटकद्रव्ये न लिहिलेली सांधेदुखीची चूर्णे विकू नयेत; त्यांत आधुनिक वेदनाशामके मिसळलेली असू शकतात आणि मग कारणाचा शोधच खुंटतो.

ज्या औषधाने बाधा झाली, त्याचे नाव स्पष्ट अक्षरांत लिहून रुग्णाजवळ कायम ठेवण्यास द्यावे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणाम कळविता येतात. आयुर्वेदीय औषधाचा संशय असल्यास तेही न लपविता आयुष औषधदक्षता केंद्रास कळवावे. अयोग्य रीतीने योजलेले औषध विषवत ठरते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातच सांगून ठेविले आहे. तो इशारा सर्वच पद्धतींच्या औषधांस लागू आहे.